चाळीस आणि सव्वीस

नाही नाही, ते खोकं तिथंच दाराशी राहू द्या, आत आणू नका — आणि झाकण लावा त्याचं, त्यानं बघितलं तर उगाच बिथरेल. बसा. त्या खुर्चीवर नको, ती काचेच्या पेटीच्या अगदी समोर येते, तुमची सावली पडते त्याच्या अंगावर, त्याला वाटतं घार आली. हां, इकडे. आता बोला. म्हणजे — बोललात तुम्ही, दारातच बोललात, ऐकलं मी. तिनं सरडा न्यायला पाठवलंय. लग्नाला पाच महिने झाले, जावई पहिल्यांदा सासऱ्याच्या घरी येतो, आणि हातात काय, तर भोकं पाडलेलं रिकामं खोकं! छान. मी काही म्हणत नाही. मी लग्नाला आलो नव्हतो, तेव्हा मला काही म्हणायचा हक्क नाही, हे तुम्ही मनातल्या मनात म्हणताय ते मला ऐकू येतंय. पण सरडा मिळणार नाही. एकदाच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हीही मोकळे, मीही मोकळा. पाणी घ्या.

याचं नाव मुकादम. माझ्या मुलीनंच ठेवलंय, म्हणजे तुमच्या बायकोनं. दिवसभर दगडावर बसून सगळ्यांकडे डोळे वटारून बघतो आणि स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही, म्हणून मुकादम. दाढीवाला सरडा म्हणतात या जातीला, चिडला की गळ्याखाली काळी दाढी फुगवतो — तुमच्यावर फुगवली नाही बघा, म्हणजे तुम्ही माणूस बरे असाल, नाहीतर त्याचं पोट भरलेलं असेल. आठ वर्षांचा आहे. ती कॉलेजात असताना कुठल्याशा मैत्रिणीनं दिला, तळहातावर मावायचा तेव्हा. तिची आई म्हणाली, घरात पाल निघाली तर मी खुर्चीवर चढते, आणि तू पालीचा आजोबा घेऊन आलीस होय गं! — आणि दोन महिन्यांत तीच त्याला मांडीवर घेऊन कोवळी पानं भरवायला लागली. असो. ती गेली त्यालाही आता चार वर्षं झाली.

तर काय सांगत होतो — खोकं. या खोक्यात घालून दोन तास गाडीतून नेणार तुम्ही त्याला? आणि खोक्यात तापमान किती राहणार, ते बघितलंत? नाही ना? हेच. अहो, तुम्ही-आम्ही आतली शेगडी घेऊन जन्माला येतो, याला ती शेगडीच दिलेली नाही. सगळी ऊब बाहेरून घ्यायची. सकाळी दिवा लागला की हा दगडावर येऊन चपटा होऊन पडतो, अंग तापलं की मग त्याचा दिवस सुरू — खाणं, पचवणं, डोळे वटारणं. गार राहिला तर खाल्लेलं पोटात तसंच कुजतं. म्हणून हा दिवा, हा तापायचा. ती वरची पांढरी नळी दिसते ना, ती उष्णतेसाठी नाही, ती उन्हासाठी, हाडं बळकट राहण्यासाठी. आणि तो कोपऱ्यातला चिनीमातीचा गोळा, तो उजेड न पाडता गरम होतो, थंडीच्या दिवसांत खोली फारच गार पडली तर त्याच्यासाठी. तीन वस्तू आणि तिघींची तीन कामं, एकीचं काम दुसरीला सांगितलंत की संपलं.

तुम्ही घेतलीय म्हणता पेटी, नव्या घरात. सहा फुटी? बरं, मोठी आहे, मला आनंद आहे. दिवा कुठं लावलात? — मधोमध! — अहो, मधोमध? देवघरात समई लावलीत का? हसू नका. मधोमध दिवा लावलात तर दोन्ही टोकं सारखीच होणार, ना धड गरम ना धड गार. दिवा एका टोकाला. अगदी एका टोकाला, आणि त्याच्याखाली चपटा दगड. दगडावर चाळीस, आणि दुसऱ्या टोकाला सव्वीस. फार तर सत्तावीस. दिवा दगडापासून किती उंच? ते मापानं ठरवायचं नाही, दगडाचं तापमान बघून ठरवायचं — ही साखळी बघा, थंडीत दोन कड्या खाली, उन्हाळ्यात तीन वर. आणि थर्मोस्टॅटची वायर कुठं सोडलीत? खाली, बाहेर? म्हणजे ती वायर बिचारी तुमच्या फरशीचं तापमान मोजणार, म्हणणार अजून गार आहे, अजून गार आहे, आणि वर दिवा पेटलेलाच! भाजून काढाल त्याला. आणि मला म्हणता, बाबा, तुम्हाला आता या वयात त्रास कशाला. त्रास! एकतीस वर्षं बॉयलर सांभाळलाय मी, कापड रंगवायच्या कारखान्यात. दर तासाला रीडिंग, तीन पाळ्या, एकतीस वर्षांत एकदाही सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला नाही माझ्या पाळीत. एकदाही. मला उष्णता शिकवायला येऊ नका.

काय म्हणालात? — हो. झालं होतं. एकदाच भाजायची वेळ आली होती याच्यावर, आणि ते व्होल्टेज वाढल्यामुळे झालं. तिनं तुम्हाला वेगळं सांगितलंय? काय सांगितलंय? काहीच नाही? मग तुमच्या चेहऱ्यावर असं का — बरं. नव्हतं व्होल्टेज. व्होल्टेजचं काय घेऊन बसलात, व्होल्टेज व्यवस्थित होतं. आता विचारलंतच तर ऐका, पण तोंडातून ब्र काढू नका मध्ये.

लग्नाआधी ती आठ दिवसांसाठी तुमच्याकडे आली होती, तुमच्या आईवडिलांना भेटायला. मला सांगून गेली होती की ऑफिसचं काम आहे — ते एक असो. जाताना म्हणाली, बाबा, काही करू नका, नुसतं खायला घाला आणि सकाळी दिवा लावा. काही करू नका! मला! आता मी रिकामा माणूस, कारखाना सुटलेला, दिवसभर त्या पेटीसमोर बसलेला. आणि माझ्या लक्षात काय आलं, तर पेटीचं एक टोक मस्त गरम आणि दुसरं गार. निम्मी पेटी गार! अहो, बॉयलरवर असं टोक दिसलं तर साहेब माझी चामडी लोळवेल. वाफेच्या लाइनवर एक वीतभर तुकडा उघडा राहिला तर मी रात्रपाळीच्या माणसाला शिव्या घालायचो, उष्णता फुकट जाते म्हणून. तर मी काय केलं — नाही, मूर्खपणा नव्हता तो, चांगलं काम होतं, मन लावून केलं — तीन बाजूंनी ग्लासवूल गुंडाळलं, वरच्या जाळीवर पत्रा टाकला, सांध्यांना दोरी भरली, आणि गार टोकाला दुसरा दिवा लावला. तुम्हाला सांगतो, ऊब कोंडायचं इतकं सुबक लॅगिंग मी कारखान्यातसुद्धा केलं नसेल. दुसऱ्या दिवशी सगळीकडे मोजलं. या टोकाला अडतीस, मध्ये अडतीस, त्या टोकाला अडतीस. कुठं हात लावा, अडतीस! मी वहीत लिहिलं आणि खाली सही केली.

आणि मुकादम तोंड उघडून बसला. आ वासून. मला वाटलं, खूश आहे. खरंच वाटलं हो मला, चेहराच असा की हसतोय. दोन दिवस तसाच हसत बसला, त्या कोपऱ्यात काचेला तोंड लावून, आणि मी त्याचा फोटो काढून तिला पाठवला. खाली लिहिलं, बघ तुझा मुकादम किती मजेत आहे.

तुम्ही होतात ना तेव्हा समोर? तुमच्याच घरी जेवायला बसली होती ती, नाही का? ताटावरून उठली, बरोबर? तुमच्या आईला काय वाटलं असेल! मला फोन आला तो ओरडतच, बाबा, दिवे बंद करा, दोन्ही बंद करा, पत्रा काढा, आत्ता. मी म्हणालो, अगं पण — तिनं फोन ठेवलासुद्धा. संध्याकाळच्या आत इथं. चपलाही काढल्या नाहीत. सुरीनं टराटरा फाडलं सगळं ग्लासवूल, बोटानं त्याच्या ओठांवर पाणी सोडत बसली, थेंब थेंब, त्याचे डोळे आत गेलेले, कातडी अशी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. मी मागे उभा. मी म्हणालो, त्याच्यासाठीच केलं ना मी. तर ती वळली नाही, तशीच पाठमोरी म्हणाली, बाबा, त्याला गरम वाटलं की त्यानं जायचं कुठं? — मी म्हणालो, थंडी वाजू नये म्हणून — तर म्हणाली, नेहमी हेच म्हणता तुम्ही.

नेहमी म्हणजे काय हो? तुम्हाला सांगितलं असेल तिनं. तिची आई गेल्यावर मी घरात एकटा, ती नोकरीवरून साडेसहाला येते म्हटल्यावर सहा पस्तीसला फोन करणार नाही तर काय करू? दिवसातून सात-आठ फोन म्हणजे काही फार नाहीत. तिच्या ऑफिसात एकदाच गेलो होतो. दोनदा. मैत्रिणींबरोबर सहलीला निघाली तर मला त्याच दिवशी छातीत दुखायचं, ते काय मी मुद्दाम — म्हणजे दुखायचं थोडं. खरंच दुखायचं. तुमचं नाव पहिल्यांदा घेतलं तेव्हा मी महिनाभर तिच्याशी नीट बोललो नाही, आणि तुम्हाला बघितलंही नव्हतं. म्हणून तर तिला ऑफिसचं काम आहे असं सांगून यावं लागलं तुमच्याकडे. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मला कळलं, त्या दिवशी ती त्याला पाणी पाजत असताना मागे उभा राहून कळलं. पण मी कबूल नाही केलं. आताही करत नाही. तुम्ही ऐकताय म्हणून आपलं बोलतोय.

पंधरा दिवसांत तिनं दुसऱ्या गावात बदली मागून घेतली. गेली. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले होते, याला दोन महिने हलवायचं नाही, आणि तिच्या हॉस्टेलवर तर प्राणी चालतच नव्हता. पण म्हणून काय झालं? हा ज्या मैत्रिणीनं दिला ती होती ना, इथंच दोन गल्ल्या सोडून राहते, तिच्याकडे आधीपासून दोन सरडे आहेत, सगळं सामान आहे. तिच्याकडे ठेवता आला असता. आमची पोर बोलतही होती तसं. पण जाताना माझ्या हातात एक कागद दिला, त्यावर दोनच आकडे — चाळीस आणि सव्वीस. म्हणाली, एवढं सांभाळा. ज्यानं त्याला मरायला टेकवलं त्याच्याच हातात दिला! का दिला? मी रोज विचारतो स्वतःला, या खुर्चीत बसून. तुम्ही नवरा आहात तिचा, तुम्हाला माहीत असेल. नाही माहीत ना? मग नेता कसे तुम्ही त्याला?

ही वही बघा. बघा, हात लावा, चालेल. नऊ महिने. सकाळी सात वाजता गरम टोक, गार टोक. दुपारी परत. आणि सातचं रीडिंग तिला फोनवर पाठवतो. बाकी काही लिहीत नाही. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, काही नाही, एक अक्षर नाही. दोन आकडे. चाळीस, सव्वीस. एकोणचाळीस, सव्वीस. ती उत्तर देत नाही. पण बघते. त्या दोन निळ्या खुणा होतात ना, त्या होतात, सात वाजून एक-दोन मिनिटांत. रोज. पावसापाण्याचं, सणासुदीचं, तुमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा.

लग्नाचं — हो, मी निरोप धाडला होता की दिवा बिघडलाय, मुकादमाला सोडून निघता येत नाही. दिवा बिघडला नव्हता. शर्टाला इस्त्री केली होती, बूट पुसले होते, बॅग दारात, तुम्ही खोकं ठेवलंय ना, बरोबर त्याच जागी. आणि मग मी सातचं रीडिंग घेतलं, चाळीस-सव्वीस, अगदी काट्यावर, आणि मला वाटलं, मी तिथं गेलो तर काय करणार? तिच्या आजूबाजूला फिरणार. पदर नीट कर, नीट बस, ऊन लागतंय का, पंखा इकडे करा — माझा जीव राहणार आहे का? एका दिवसात सगळा मांडव मी अडतीस करून ठेवला असता. म्हणून नाही आलो. चूक केली असेल. पण घाबरून केली नाही, समजून केली. इस्त्रीचा शर्ट घालून दिवसभर इथंच बसलो होतो, ते तुम्हाला सांगायचं कारण नव्हतं, सांगून गेलो.

आणि एक ऐका. फेब्रुवारीत मला ताप आला. सातला उठवलं नाही मला. सात वीसला फोन वाजला — एकदाच, आणि बंद. तिचा. हात लागला असेल म्हणता? मलाही तेच वाटलं. म्हणून मी पुढच्या आठवड्यात — हे तिला सांगायचं नाही, शपथ आहे तुम्हाला — पुढच्या आठवड्यात मी ठणठणीत बरा असताना रीडिंग घेऊन फोन हातात धरून बसलो. नाही पाठवलं. सात झाले, सव्वासात झाले. सात वीसला वाजला. एकदाच. मग मात्र मला स्वतःचीच लाज वाटली. एकतीस वर्षांत रीडिंग कधी चोरलं नव्हतं. पुन्हा नाही केलं तसं. आता सातला म्हणजे सातला. तर तुम्ही समजून घ्या — मुकादम तुम्ही घेऊन गेलात तर मी उद्या सात वाजता तिला काय पाठवू? माझा ताप पाठवू का? म्हणून मिळणार नाही म्हणालो. तुमच्या सहा फुटी पेटीशी माझं भांडण नाही.

पण मला एक सांगा, तिच्या डोळ्यादेखत तुम्ही दिवा मधोमध लावलातच कसा? ती असलं चालवून घेणाऱ्यातली नाही. तिनं बघितलं नाही? — बघितलं? मग काय म्हणाली? — काय? परत म्हणा. — असंच म्हणाली? याच शब्दांत? ‘दिवा कुठे लावायचा ते बाबांना विचार.’ बाबांना म्हणाली? माझं नाव — बरं. बरं. थांबा जरा, हा दगड सरकलाय का बघतो. नाही, सरकलेला नाही. जागेवरच आहे.

आणि तुम्ही सारखे त्या खिडकीकडे काय बघताय हो? आल्यापासून चौथ्यांदा. गाडी कुठं भलत्याच जागी लावलीय का? उचलून नेत नाहीत इथं कुणी. मग? — कोण आहे खाली? — बोला ना, आता का जीभ अडकली? एकटेच आलो म्हणालात ना? नाही म्हणालात? मीच विचारलं नाही होय. सरका.

पांढरी गाडी? — ते कोपर. काचेतून बाहेर काढलंय ते कोपर. अशीच बसायची बसमध्ये, किती वेळा ओरडलोय मी, हात आत घे, हात आत घे. अहो, तुम्ही गाडी उन्हात उभी केलीत? शेजारी चार पावलांवर झाड आहे, सावली आहे, आणि तुम्ही बायकोला दुपारच्या दोनच्या उन्हात पत्र्याच्या डब्यात बसवून वर आलात! पंचेचाळीस तरी असेल आत्ता आत. अर्धा तास झाला! जा, आधी — नाही. मी नाही येत खाली. हाकही मारणार नाही. मी एकदा हाक मारली की थांबत नाही, मला माहीत आहे माझा स्वभाव.

तुम्ही जा, जावईबापू. हो, म्हणालो, ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. आणि ते खोकं इथंच असू द्या, ते नेलंत तर तिला वाटेल काम झालं. तिला सांगा, बाबा सरडा देत नाहीत म्हणतात. कुणाच्या हाती देत नाहीत. न्यायचा असेल तर जिचा आहे तिनं वर यावं, तीन मजले. आणि हेही सांगा, की मी आतल्या खोलीत जाऊन बसतोय. दार लावून. ती आली तरी मी बाहेर येणार नाही. तिनं बघावं, मोजावं, तापमान मोजायची गन तिथं पेटीवरच आहे, वही टेबलावर आहे. त्या पलीकडच्या खुर्चीवर वारा येतो, तिथं तिला बसू द्या, पंखा दोनवर ठेवा. हवं तेवढं थांबू दे. नेला तर नेऊ दे, दिवा कुठं लावायचा ते तुम्हाला सांगितलंय. आणि काही न बोलता उठून गेली तर जाऊ दे, अडवू नका. मलाही हाक मारू नका. तिला वाटलं, तर ती मारेल.

चला, उठा आता, ते कोपर भाजतंय उन्हात. आणि जाताना दार ओढून घेऊ नका. उघडंच असू दे.